निळा रंग म्हणजे पाणी?

दोन स्टीलच्या खुंट्या, तारेचं भेंडोळं, एक छोटा डबा आणि मोबाइल. उन्हाळा चढला की एवढं सामान घेऊन बोअरचा 'पॉइंट' काढून देणारे लोक गावोगाव फिरताना दिसतात. पूर्वी तळहातावर नारळ घेऊन पाणाड्या यायचा. आता त्याच्या जोडीला हे मशीन आलंय, आणि काही ठिकाणी नारळ आणि मशीन एकाच माणसाच्या हातात असतं. शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत खुंट्या सरकवत जायचं, प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबायचं. शेवटी मोबाइलवर चित्र उमटतं. आडवं अंतर, उभी खोली, मध्ये लाल, पिवळे, हिरवे, निळे पट्टे. निळ्यावर बोट ठेवून मशीनवाला सांगतो, "इथं मारा, साडेतीनशे फुटांवर पाणी आहे."

हे मशीन जमिनीत काहीच सोडत नाही. ना वीज, ना आवाज, ना किरण. जमिनीत निसर्गतःच जी वीज फिरत असते तीच ते मोजतं. ऐकायला हे थोतांड वाटेल, पण यामागचं भौतिकशास्त्र पक्कं आहे. सत्तरेक वर्षं जगभर तपासलेलं आहे आणि किल्लारी-कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासातही वापरलेलं आहे. गडबड होते ती मोजणीपासून त्या निळ्या पट्ट्यापर्यंतच्या प्रवासात.

जमीन वीज किती अडवते

प्रत्येक खडक वीज कमी-जास्त अडवतो. या अडवण्याच्या गुणाला रोधकता म्हणतात आणि ती ओहम-मीटरमध्ये मोजतात. आकडा मोठा असेल तर वीज अडते, लहान असेल तर सहज वाहते.

आपल्याकडचा एकसंध काळा पाषाण शेकडो ते हजारो ओहम-मीटर दाखवतो. कोरडा ग्रॅनाइट त्याहून जास्त. कुजलेला, भेगाळलेला, पाण्याने भरलेला मांजऱ्या (छिद्रं असलेला मऊ पाषाण) किंवा मुरूम वीस ते साठच्या आसपास येतो. चिकणमाती दहाच्याही खाली जाते आणि समुद्राचं पाणी पाव ओहम-मीटरच्या आसपास. शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही. ती वाहते पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे, आणि चिकणमातीत तर मातीच्या कणांच्या पृष्ठभागावरूनही वाहते. म्हणून ओली चिकणमाती ही विजेच्या दृष्टीने पाणी भरलेल्या खडकापेक्षाही 'चांगली' दिसते. बोअरमध्ये मात्र ती थेंबभर पाणी सोडत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग जमिनीत वीज सोडतं कोण?

आकाश आणि सूर्य.

जगात कुठे ना कुठे सतत विजा कडाडत असतात, दर सेकंदाला सरासरी चाळीस ते पन्नास. प्रत्येक विजेतून विद्युतचुंबकीय लहर निघते. जमीन आणि वातावरणाच्या वरचा विद्युतभारित थर, म्हणजे आयनोस्फिअर, यांच्यामधल्या पोकळीतून ती हजारो किलोमीटर जाते. आफ्रिकेतल्या वादळाची कुजबुज सोलापुरात मोजता येते. सेकंदाला एकापेक्षा जास्त हेलकावे असलेल्या, म्हणजे एक हर्ट्झच्या वरच्या लहरी बहुतांशी अशा विजांच्या. त्याहून संथ लहरी सूर्याकडून येतात. सूर्यावरून सुटलेला भारित कणांचा वारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतो आणि ते क्षेत्र किंचित डुलतं. हे डुलणं सेकंदांपासून तासांपर्यंत चालतं.

'किंचित' म्हणजे किती? आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लाच्या आसपास आहे. इथे मोजायचे हेलकावे बरेचदा एका नॅनोटेस्लाच्याही अंशाएवढे असतात. चुंबकीय क्षेत्र हललं की जमिनीत प्रवाह उमटतात. फॅरडेच्या नियमाने वीजनिर्मिती केंद्रात जे होतं तेच इथे अतिशय क्षीणपणे होतं. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अशा चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईची घोड्यांची ट्राम विजेवर जाणार हे ठरलं तेव्हा या नोंदी बिघडणार हे उघड होतं. त्या वेळचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, तीही चुंबकीय गुण नसलेला दगड वापरून, आणि १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्हीकडे सोबतच नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. एका ट्रामसाठी समुद्र ओलांडून वेधशाळा हलवावी लागते, इतका हा संकेत नाजूक. ज्या शेताच्या डोक्यावरून अकरा केव्हीची लाइन गेलीय तिथे काय होत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येईल.

खोली कशी कळते?

शेजारच्या गल्लीत लग्नाचा डीजे लागला की खिडक्या बंद केल्यावर गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, पण ढोलाचा धम् धम् मात्र छातीत बसतो. बारीक सूर भिंतीत मरतात, जाड सूर आरपार येतात. जमिनीतही तसंच. वेगाने हेलकावणारी लहर वरच्या थरातच विरते, संथ लहर खोल उतरते. म्हणून वेगवेगळ्या वारंवारितेला (सेकंदाला किती हेलकावे) मोजलं की वेगवेगळ्या खोलीची खबर लागते.

यासाठी एक सोपं सूत्र आहे. रोधकता आणि एका हेलकाव्याला लागणारा वेळ (सेकंदांत) यांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा, ५०३ ने गुणा. उत्तर मीटरमध्ये येतं. १०० ओहम-मीटरच्या जमिनीत एक सेकंदाची लहर सुमारे ५ किलोमीटर जाते, १०० सेकंदांची ५० किलोमीटर, तर हजार हर्ट्झची जेमतेम १६० मीटर. हातात एक फावडंही न घेता पन्नास किलोमीटर खालची माहिती मिळते, हे मला अजूनही थोडं अविश्वसनीय वाटतं.

पण सूत्रात रोधकताही आहे. म्हणजे खोली ठरवायला आधी रोधकता माहीत हवी, आणि तीच तर शोधायची आहे! ही गाठ सुटते दोन गोष्टी एकत्र मोजल्यावर.

एक भागाकार, ज्यावर सगळं उभं आहे

वीज कुठे पडली, किती जोराची होती, सूर्य किती चिडलाय, यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं. मग मोजलेल्या आकड्याला अर्थ काय? याचं उत्तर १९५० च्या सुमारास रशियात तिखोनोव्ह आणि १९५३ मध्ये फ्रान्सच्या कान्यार यांनी नीट मांडलं. जमिनीतलं विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र एकाच वेळी मोजा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. वादळ दुप्पट जोराचं असेल तर दोन्ही दुप्पट होतील, भागाकार तोच राहील. लहर कुठून आली हे गळून पडतं आणि उरतो तो जमिनीचा गुण. या पद्धतीला मॅग्नेटोटेल्युरिक म्हणतात, अभ्यासक नुसतं 'एमटी' म्हणतात.

उदाहरणच करू. एका सेकंदाच्या हेलकाव्याला चुंबकीय क्षेत्र ०.१ नॅनोटेस्ला आणि विद्युत क्षेत्र किलोमीटरला २.२ मिलिव्होल्ट मिळालं. भागाकार २२. त्याचा वर्ग ४८४, गुणिले ०.२ (एककं जुळवणारा ठरलेला आकडा), गुणिले एक सेकंद. उत्तर साधारण ९७ ओहम-मीटर. ही 'भासमान' रोधकता, म्हणजे वरपासून त्या खोलीपर्यंतच्या सगळ्या थरांची मिळून दिसणारी.

खऱ्या एमटीचा मांड बघण्यासारखा असतो. मध्ये नोंदणीयंत्र, त्याच्या चारही बाजूंना पन्नासेक मीटरवर एक-एक इलेक्ट्रोड. हा साधा खिळा नसतो; धातू आणि त्याच्याच क्षाराने भरलेलं सच्छिद्र भांडं असतं ते, कारण साधी स्टीलची खुंटी ओल्या मातीत स्वतःच बॅटरीसारखी वागते. भांडं चिखलात नीट बसवतात, तार वाऱ्याने हलू नये म्हणून तिच्यावर दगड-माती टाकतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात तार नुसती हलली तरी तिच्यात व्होल्टेज तयार होतं आणि आपल्याला मोजायचा संकेत तेवढाच असतो. चुंबकीय क्षेत्र मोजणारी लांबलचक कॉइल एक दक्षिणोत्तर, एक पूर्वपश्चिम, एक उभी, चर खणून पुरतात. मग रात्रभर, कधी दोन-तीन दिवस नोंद चालते. राखण करायला माणूस लागतोच, गुरं तार तोडतात.

तरीही गोंगाट शिरतो. त्यावरचा उपाय १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात निघाला. काही किलोमीटर दूर दुसरं चुंबकीय यंत्र त्याच वेळी चालू ठेवायचं. सूर्याचा आणि विजांचा संकेत दोन्हीकडे सारखा येतो, शेतातल्या मोटरचा फक्त एकीकडे. जे दोन्हीकडे आहे तेवढंच धरायचं. हे काम करणाऱ्या तिघांपैकी जॉन क्लार्क यांना २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. अर्थात ते वेगळ्या, क्वांटम शोधासाठी.

रंगीत नकाशा म्हणजे फोटो नव्हे

इतकं करून हाती येतो तो वारंवारितेनुसार बदलणारा एक आलेख. जमिनीखालचं चित्र अजून आलेलंच नाही. ते असं येतं: संगणकावर एक काल्पनिक जमीन रचतात, थर मांडतात, अशी जमीन असती तर वर काय मोजलं गेलं असतं ते काढतात. प्रत्यक्ष मोजणीशी जुळत नसेल तर थर बदलतात, पुन्हा काढतात. जुळेपर्यंत हेच.

अडचण ही की एकापेक्षा जास्त जमिनी जुळतात. एमटीला वीज वाहून नेणारा थर दिसतो, पण त्याची जाडी आणि त्याची वाहकता वेगवेगळी नीट दिसत नाही. दिसतो तो दोघींचा गुणाकार. दख्खनच्या पठारावर याचा अर्थ काय होतो बघा. लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये बऱ्याचदा तांबड्या चिकट मातीचा थर असतो. अभ्यासक त्याला 'रेड बोल' म्हणतात, विहीर खणणारे गेरू म्हणतील. समजा, अशी माती २ मीटर जाड आहे आणि तिची रोधकता ४ ओहम-मीटर आहे. दुसऱ्या शेतात पाण्याने भरलेला मांजऱ्या २० मीटर जाड आहे, रोधकता ४०. वाहकता म्हणजे रोधकतेचं उलटं, म्हणून जाडीला रोधकतेने भागू. दोन मीटर भागिले चार, अर्धा. वीस भागिले चाळीस, तोही अर्धा. वर बसलेल्या यंत्राला ही दोन्ही शेतं जवळपास सारखीच. एकात मोटर बसेल, दुसऱ्यात दीड-दोन लाख मातीत जातील.

यातून मार्ग काढायला बाहेरची माहिती लागते. शेजारच्या बोअरमध्ये किती फुटांवर काय लागलं, भूगर्भाचा नकाशा काय म्हणतो, दुसऱ्या पद्धतीचे आकडे काय आहेत. ही माहिती नसेल तर संगणक स्वतःच्या सवयीने सगळ्यात गुळगुळीत चित्र निवडतो. रंग कोणत्या आकड्याला निळा आणि कोणत्याला लाल हे तर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं.

किल्लारीत काय दिसलं होतं

पद्धतीवर अविश्वास दाखवायचा हेतू नाही. तिची ताकद खोल कामात दिसते. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. त्याच्याखाली काय दडलंय ते स्फोटांच्या आवाजलहरींनी बघायला गेलं तर कठीण-मऊ-कठीण थरांत त्या लहरी विखुरतात. एमटीला मात्र लाव्हा फारसा अडवत नाही. म्हणून सौराष्ट्र-कच्छमध्ये लाव्ह्याखाली गाळाचे, तेलाची शक्यता असलेले खडक शोधायला ही पद्धत वापरली गेली. लडाखमधल्या पुगा खोऱ्यात उष्ण पाण्याचा साठा शोधायलाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने, म्हणजे एनजीआरआयने, तिथे एमटी केलं. भूकंप जिथून उगवला त्याच्या खालच्या बाजूला वीज सहज वाहणारा पट्टा दिसला. त्याचा अर्थ खोलवर भेगांत द्रव पदार्थ आहे असा लावला गेला, आणि असा द्रव खडकाला कमकुवत करतो. पण इतक्या खोलीवर ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांमुळेही वीज सहज वाहू शकते. जगभर अशा खोल पट्ट्यांवर द्रव की ग्रॅफाइट हा वाद जुना आहे. किल्लारीची बोअर ६१७ मीटरपर्यंत गेली. लाव्हा ३४० मीटरच्या आसपासच संपला. तो खोल पट्टा तिच्या आवाक्याबाहेरच राहिला.

कोयनेला १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपानंतर अजून धक्के बसतात. तिथे एमटी, गुरुत्व, हवाई मोजणी हे सगळं करून वैज्ञानिक थांबले नाहीत. ते प्रत्यक्ष खाली उतरले. एका बोअरमध्ये साधारण ९३० मीटरवर पाषाण संपला आणि मध्ये गाळाचा थर नसताना थेट ग्रॅनाइटी खडक लागला. नंतरची बोअर तीन किलोमीटरपर्यंत नेली. ज्यांच्याकडे उत्तमातली उत्तम यंत्रं आहेत तेही पडताळ्यासाठी बोअर मारतात.

मग गावातलं मशीन कुठे कमी पडतं?

पहिलं म्हणजे अशी बहुतेक मशीन फक्त विद्युत क्षेत्र मोजतात. चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखंच आहे असं धरून चालतात. म्हणजे ज्या भागाकारावर ही पद्धत उभी आहे तो होतच नाही. पहिल्या खुंटीला आकडा कमी आला आणि दहाव्या मिनिटाला तिसऱ्या खुंटीला जास्त आला, तर फरक जमिनीचा की दूरच्या वादळाचा हे सांगायला मशीनकडे काही साधन नाही. ओहम-मीटरही मिळत नाहीत, आणि रोधकता नाही म्हटल्यावर डावीकडे छापलेली खोली गृहीत धरलेली असते.

दुसरं कारण निसर्गाचं आहे, त्यात बनवणाऱ्याचा दोष नाही. वरचंच सूत्र उलटं वापरा. ५० ओहम-मीटरच्या जमिनीत १०० मीटर, म्हणजे सव्वातीनशे फूट बघायचे तर साधारण १२५० हर्ट्झ लागतात. ५०० ओहम-मीटरच्या पाषाणात २०० मीटर बघायचे तर ३१५० च्या आसपास. आणि नेमक्या एक ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात निसर्गाचा संकेत सगळ्यात क्षीण असतो, कारण या वारंवारितेच्या लहरी आयनोस्फिअरखालच्या पोकळीतून फार लांब जाऊच शकत नाहीत. अभ्यासक याला 'मृत पट्टा' म्हणतात. दिवसा तर तो आणखी मरतो. आपल्या बोअरची खोली नेमकी त्यात सापडते.

मग मशीन मोजतं काय? बरेचदा महावितरणची लाइन. ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी, १००, १५०, २५०, अशा वर हजारांपर्यंत. रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीनही दर सेकंदाला टिक्-टिक् करत जमिनीत ठोके सोडत असतं. एमटीवाले त्याच्यावर फार वैतागतात. मोबाइल टॉवरचा मात्र इथे फारसा त्रास नाही, त्याच्या लहरी कितीतरी वरच्या वारंवारितेच्या.

तिसरी गोष्ट चित्रातच दिसते. वरपासून खालपर्यंत सरळ उतरलेला निळा पट्टा दिसला की मशीनवाला खूश होतो, "भेग आहे!" कधी असेलही. पण खुंटीजवळ पाटाचा ओलावा, पुरलेली पाइपलाइन किंवा शेणखताचा खड्डा असेल तर त्या एका जागी सगळ्याच वारंवारितांचे आकडे एकत्र खाली सरकतात. चित्रात ते पाचशे फूट खोल भेगेसारखं दिसतं, आणि कारण असतं फूटभर खाली.

"पण आमच्याकडे तर मशीनने सांगितलं तिथेच पाणी लागलं"

लागलं असेल. ज्या शिवारात दहापैकी सहा-सात बोअरना पाणी लागतंच, तिथे मशीन, नारळ किंवा डोळे झाकून फेकलेला दगड, सगळेच दहापैकी सहा-सात वेळा बरोबर ठरतात. शिवाय 'पाणी लागलं' म्हणजे किती? अर्धा इंच की तीन इंच? मार्चपर्यंत टिकलं की दिवाळीतच आटलं? लागलेल्या बोअरचे व्हिडिओ निघतात, कोरड्या बोअरचे निघत नाहीत. मशीन कामाचं आहे हे ठरवायचं तर त्याने 'इथं मारू नका' म्हटलेल्या जागीही काही बोअर माराव्या लागतील. ते कुणाला परवडणार?

एक गोष्ट मशीनच्या बाजूने सांगतो. लाइनपासून दूर, कोरड्या सपाट शेतात, झटपट रीडिंग घेतली, आणि एका ओळीत एकच जागा पुन्हा पुन्हा वेगळी दिसत असेल, तर तिथे जमीन काहीतरी वेगळी आहे एवढं म्हणता येतं. 'काहीतरी वेगळी', इतकंच. पाणी, गेरू की पाइप, हे नाही.

यापेक्षा बरं काय?

आपणच जमिनीत वीज सोडून मोजायची चार खुंट्यांची जुनी रोधकता पद्धत अजूनही जास्त भरवशाची आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतले लोक ती वापरतात. सोडलेला प्रवाह किती हे माहीत असल्याने खरे ओहम-मीटर मिळतात. गेरू की पाणी हा गोंधळ तिथेही आहेच. आणि १०० मीटर खोल बघायचं तर तार तीन-चारशे मीटर तरी पसरायला जागा हवी. दीड एकराच्या तुकड्यात ती नसते. छोटं मशीन खपतं ते यामुळे.

बोलावलंच मशीनवाल्याला, तर त्याच्या चित्राआधी शिवारातल्या जुन्या बोअरची यादी करा. कुठे किती फुटांवर मुरूम, कुठे पाषाण, कुठे तांबडी माती, कुठे पाणी. बोअरच्या गाडीवाल्याला हे बहुधा तोंडपाठ असतं. मग ज्या बोअरचं सगळं माहीत आहे तिच्याशेजारी, त्याला न सांगता, आधी एक ओळ काढायला लावा. केसिंगचा लोखंडी पाइप रीडिंग बिघडवतो, तेव्हा पंधरा-वीस मीटर सोडून. शेतातलं झटका मशीन बंद करा. आणि ज्या जागी निळं आलं तिथेच तासाभराने, शक्यतो लाइट गेलेली असताना, पुन्हा रीडिंग घ्यायला सांगा. दोन चित्रं एकमेकांवर ठेवून बघा.